तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस

ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळत आलो. शिरूरच्या बाजारात, एसटी स्टँडवर, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत जुने विद्यार्थी भेटतात. आता तेही टकले झालेत, आजोबा झालेत. इकडचं तिकडचं झालं की त्यांच्यातला कुणीतरी म्हणतोच, "गणिताचे सर आठवतात का? जन्मभर भागाकार केले आन् शेवटी सतराच्या पाढ्याला चुकले." मग सगळे हसतात. मीही हसतो आणि विषय बदलतो.

सर चुकले नव्हते. चूक कुणाची ते मला माहीत आहे. माझ्यानंतर तो विनोद तसाच फिरत राहील आणि खरं सांगणारा कुणी उरणार नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आम्ही एकाच शाळेत होतो. मी इतिहास शिकवायचो, ते गणित. ते मला नावानं कधी हाक मारत नसत, "इतिहासवाले" म्हणत. त्यांच्या वडिलांचं शिरूरला गाद्या भरायचं दुकान होतं, त्यामुळे लहानपणी त्यांच्या केसांत कायम कापूस असायचा असं त्यांचे वर्गमित्र सांगत. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्या जागी खडू आला होता. भुवयांवर, कानांच्या पाळीवर, सायकलच्या हँडलवर, सगळीकडे खडू.

संख्या दिसली की तिला भागून बघायचं, हा त्यांचा चाळा. एसटीचं तिकीट, गॅसच्या टाकीवरचा आकडा, उसाच्या ट्रॅक्टरची नंबरप्लेट, काहीही. बोलता बोलता एकदम गप्प झाले की समजायचं, समोरून काहीतरी चार आकडी गेलं आहे. त्यांची सासुरवाडी दौंडची, सासरे रेल्वेत होते. एकदा मी त्यांच्याबरोबर दौंडला गेलो, तर रेल्वेचं फाटक लागलेलं. समोरून लांबलचक मालगाडी निघाली. मागच्या रिक्षावाल्यांनी ड्रायव्हरपासून रेल्वेमंत्र्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार चालवला होता, आणि सर एकेका वॅगनवरचा नंबर वाचत ओठ हलवत उभे. मी काहीतरी विचारलं. गाडी गेल्यावर ते हळहळून म्हणाले, "एक फार देखणी संख्या तुमच्या बोलण्यात गेली, इतिहासवाले."

त्यांचा जीव होता तो मूळ संख्यांवर. जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. जिला जातो ती संयुक्त, एवढं आम्ही सगळेच शाळेत शिकलो आणि विसरलो. सर माणसांचेही तसेच दोन प्रकार करायचे. आमचे हेडमास्तर संयुक्त. "दोननं जातोय, तीननं जातोय, ज्यानं भागाल त्यानं जातोय." शाळेची घंटा देणारा शिपाई मूळ. मी कोण, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुम्हाला अजून पुरतं बघितलं न्हाई."

"बघितलं" हा त्यांचा फार मोठा शब्द. पोरानं उत्तर बरोबर दिलं तरी ते विचारायचे, "बघितलंस का?" पोरगं म्हणायचं, पुस्तकात मागं दिलंय सर. "मग ते पुस्तकानं बघितलं. तू बघितलंस का?" मात्र पोरगं एकदा "बघितलं" म्हणालं की ते पुढं विचारत नसत, वहीसुद्धा मागत नसत. आम्ही म्हणायचो, अहो पोरं फसवतात तुम्हाला. ते म्हणायचे, "भागाकारात कोण कशाला खोटं बोलंल? त्यात काय मिळतंय?"

एकदा आम्ही पोरांची सहल इनामगावला नेली. घोड नदीच्या काठी टेकाडावर उभं राहून मी घसा ताणून सांगत होतो, इथं तीन हजार वर्षांपूर्वी वस्ती होती, इथं घरं होती, इथं धान्याची कोठारं. सर एका बाजूला मातीत उकिडवे बसले होते. पोरं पांगल्यावर त्यांनी मला विचारलं, "ह्या लोकांना कितीपर्यंत मोजता येत असंल?"

मी म्हटलं, तसा काही पुरावा नाही.

"गुरं मोजली असतील, मडकी मोजली असतील. शंभराच्या पुढं कशाला जातील? पर ती संख्या तवाही होतीच. कुणी बघितली नव्हती, एवढंच."

"कुठली संख्या?"

तेव्हा परतीच्या एसटीत त्यांनी मला ती सगळी हकिकत सांगितली.

त्यांच्या घराचा नगरपालिकेचा नंबर होता तीनशे एकतीस. लग्न होऊन भाभी, म्हणजे सरांच्या पत्नी, शिरूरला आल्या तेव्हा दारावरची ती पाटी बघून सर त्यांना म्हणाले की आपलं घर मूळ आहे, ह्याला कशानं भाग जात नाही. भाभी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी आधी ते खरं मानलंच नाही. पाटी-पेन्सिल घेऊन भागत बसल्या. पटल्यावर म्हणाल्या, तीनशे एकतीस जात नाही, एकतीसही जात नाही, मग पुढं आणखी एक तीन लावला तर? दोघांनी तीन हजार तीनशे एकतीस भागून बघितले. ती संख्याही मूळ निघाली. मग आणखी एक तीन. तीही मूळ. मग आणखी एक.

संख्या मोठी होत गेली तसं काम वाढलं. एखादी संख्या मूळ आहे का हे बघायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी तिला भागून बघावं लागतं. तिथपर्यंत भाग गेला नाही तर पुढं जाणारच नाही. एवढी गोष्ट त्यांनी भाभींना समजावली आणि मग वाटणी झाली. पन्नासच्या आतल्या संख्या भाभींच्या, पुढच्या सरांच्या. भाभी स्वयंपाकघरात परातीशेजारी पाटी ठेवून भागत, सर ओसरीवर. भाग गेला नाही की पाटी पुसायची. कागदावर काही ठेवायचं नाही. मी विचारलं, लिहून का ठेवत नाही? तर म्हणाले, "न गेलेल्या भागाकाराचं काय जपायचं? न्हाई गेला म्हंजी न्हाई गेला." आणि एकानं बघितलेलं दुसऱ्यानं परत बघायचं नाही, हाही त्या घरातला नियम. मी हसलो, तर ते गंभीरपणे म्हणाले, "परत बघितलं तर तिला काय वाटंल?"

असं करत करत तीन कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीसपर्यंत दोघं पोचली होती. सगळ्या मूळ. मधे मुलगी झाली, वाढली, तिचं लग्न होऊन ती दौंडलाच गेली, सगळं त्या भागाकारांच्या मधल्या जागेत. आता पुढची संख्या तेहतीस कोटींची होती. सर खिडकीबाहेर बघत हसून म्हणाले, "तुमचे देव तेहतीस कोटी, आमच्या हिच्या तसबीच्या माळंत मणी तेहतीस. आता बघायचंय, वरचे ऐकतात का आमचं."

मी म्हटलं, सात निघाल्या म्हणजे आठवीही निघणारच की.

"न्हाई," ते म्हणाले. "सातांनी आठवीची हमी घेतलेली न्हाई. बघावं लागंल."

ते बघणं सुरू व्हायच्या आधीच भाभी गेल्या. आजार फार दिवसांचा नव्हता. सर शाळेत यायचे, शिकवायचे, पण फळ्यावर उदाहरण अर्धं सोडून उभे राहायचे. एसटीचं तिकीट न बघता खिशात टाकायला लागले, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

काही महिन्यांनी मधल्या सुट्टीत ते माझ्याजवळ येऊन बसले. डब्याचं झाकण फिरवत राहिले. मग म्हणाले, "एक काम सांगू का? तिच्या वाटच्या संख्या तुम्ही घेता का? पन्नासच्या आतल्या. मला येत न्हाई असं न्हाई. पर ते कवाच माझं काम नव्हतं. मी पाटी घेतो आन् माझा हात दोनवर जात न्हाई."

मी लगेच हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यांची दया आली होती आणि थोडं हसूही आलं होतं.

शनिवारी दुपारी मी बसलो. दोन, तीन, पाच तर नजरेनंच कळतात. सातनं भागलं, बाकी उरली. अकरानं भागलं, तेरानं भागलं. तेरापर्यंत मी खरंच केलं. मग सतराचा आकडा मांडला आणि दारात आवाज आला. कासुर्डीहून माझा मेहुणा आला होता, गुऱ्हाळावरची काकवी घेऊन. चहा झाला, गप्पा झाल्या, आग्रह करून जेवायला ठेवून घेतलं. तो कागद कशाखाली गेला ते मी बघितलंसुद्धा नाही. रविवारी आठवण झाली. मनात म्हटलं, सात संख्या मूळ निघाल्यात, हीही निघणार. शिवाय निघाली काय, न निघाली काय, कुणाचं अडलंय?

सोमवारी प्रार्थनेच्या रांगेतच त्यांनी विचारलं, "बघितलंत?"

"बघितलं."

"समद्यांनी?"

"सत्तेचाळीसपर्यंत. एकही जात नाही."

त्यांनी डोळे मिटले. पोरं प्रार्थना म्हणत होती. ती संपल्यावर ते म्हणाले, "ती पण अशीच सांगायची. जात न्हाई म्हणायची आन् पीठ मळायला लागायची." त्या दिवशी ते सहावीच्या वर्गात कित्येक महिन्यांनी मोठ्यानं हसले, असं पोरांनी मला सांगितलं.

आणि ते त्रेपन्नपासून पुढं निघाले.

ह्या संख्येचं वर्गमूळ अठरा हजारांच्या पुढं जातं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी, पाटीवर, एकेक करून. कॅल्क्युलेटर त्यांना कुणीतरी भेट दिला होता, तो त्यांनी शिपायाच्या मुलीला देऊन टाकला. ते निवृत्त झाले आणि मुलगी त्यांना दौंडला घेऊन गेली. मागोमाग मीही निवृत्त झालो. त्यांचा अधूनमधून फोन यायचा. तब्येत विचारायचे नाहीत, पाऊसपाणी नाही. "इतिहासवाले, चार हजार झाले." मी म्हणायचो, वा. कधी भेटायला जायचो तर गच्चीवर पाटी मांडीवर घेऊन बसलेले असत. दोन ओळी भागून झाल्या की पाटी पुसायला ओलं फडकं जवळच. मधेच रेल्वेची शिट्टी झाली की मान वर करायचे. मला ते दृश्य फार आवडायचं. भाभी खाली स्वयंपाकघरात असाव्यात आणि हे वर, असं वाटायचं.

एका दुपारी घरात वीज नव्हती. टीव्ही बंद, पंखा बंद. मी सहज पेन्सिल घेतली आणि पेपरच्या समासात ती संख्या मांडून सतरानं भागायला लागलो. का ते आजही सांगता येत नाही. पाय खाजवावा तसं केलं. एकेक आकडा उतरत गेला आणि शेवटी एक्कावन्न राहिले. सतरा त्रिक एक्कावन्न. खाली शून्य.

मी पुन्हा भागलं. मग ताळा केला. मग पेपर घडी घालून ठेवून दिला.

त्याच आठवड्यात फोन आला. "नऊ हजार ओलांडले."

मी म्हणालो, वा.

माणूस मनाला काय काय सांगतो ते मी तेव्हा शिकलो. मी स्वतःला सांगितलं, ह्या भागाकारावर तर ते जगताहेत. तो काढून घेतला तर त्यांच्याजवळ काय उरेल? आता सांगणं म्हणजे क्रूरपणा. हे सगळं मी इतकं चांगलं मांडायचो की काही दिवस मला ते खरंच वाटायचं. पण खरं कारण साधं होतं. त्यांनी मला "बघितलं होतंत ना?" असं विचारलं असतं, आणि त्या प्रश्नासमोर उभं राहायची माझी तयारी नव्हती. तेव्हा बोललो असतो तर निदान निम्मी वर्षं वाचली असती त्यांची.

मग एक दिवस फोन आला. "झालं," ते म्हणाले. "वर्गमूळ ओलांडलं. मूळ हाय." मग म्हणाले, "तिला सांगायला पायजे होतं."

त्याच हिवाळ्यात शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. निवृत्त शिक्षकांचा सत्कार, शाल, श्रीफळ. संस्थेचा अध्यक्ष आमचाच विद्यार्थी, वडगाव रासाईचा मोठा बागायतदार, सोसायटीच्या राजकारणात मुरलेला. मनानं चांगला, पण जिभेला हाड नाही. सरांचा हा भागाकार त्याच्याही कानावर होता. त्यांना तो गेटपासूनच "काय तेहतीस कोटी, कसं काय?" म्हणत घेऊन आला. सरांनी नवा पांढरा सदरा घातला होता. मला बघून ते म्हणाले, आज सांगणार आहे सगळ्यांना. त्यांच्या आणि माझ्यामध्ये पाच मिनिटं कुणी नव्हतं. त्या पाच मिनिटांत मी त्यांना दौंडला थंडी कशी आहे ते विचारलं.

सत्काराला उत्तर द्यायला सर उभे राहिले. त्यांनी पोरांच्या खोड्या सांगितल्या नाहीत, आयुष्याचं सार सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं, तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस ही मूळ संख्या आहे, आणि हे आपण आणि आपल्या बायकोनं सुरू केलेलं काम होतं. "शिरूरच्या एका घराच्या पाटीवरनं ही संख्या निघाली," ते म्हणाले. "तिला कशानं भाग जात न्हाई. मी बघितलंय." टाळ्या पडल्या. पुढं ते काही बोलणार होते. त्यांची नजर पहिल्या रांगेत माझ्याकडे वळली, आणि मला कळलं की आता ते माझं नाव घेणार.

तेवढ्यात स्टेजवर खुर्चीत बसलेला अध्यक्ष मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "सर, राग मानू नका, पर हे मोबाईल म्हणतंय सतरानं जातोय म्हणून."

माईक त्याच्यासमोरच होता. सभागृहात सगळीकडे ऐकू गेलं.

सरांनी तिथंच, उभ्या उभ्या, तोंडानं भागायला सुरुवात केली. तेहतीसात सतरा एके सतरा, राहिले सोळा. एकशे त्रेसष्ट, सतरा नवे. हळूहळू, वर्गात सांगावं तसं. लोक हसायचे थांबले. पुढचा प्रत्येक आकडा मला ठाऊक होता. "राहिले एक्कावन्न," सर म्हणाले. "सतरा त्रिक एक्कावन्न. बाकी शून्य."

मग ते म्हणाले, "बरोबर हाय. बघायचं माझ्याकडनं राहिलं."

अध्यक्ष वातावरण सैल करायला म्हणाला, "अहो सर, तेहतीस कोटी देवांच्यात एखादा सतराचा निघायचाच." सभागृह हसलं. माझ्या शेजारचे हसले, आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. सर शाल सावरत खाली बसले. जे नाव घ्यायचं होतं ते त्यांनी घेतलं नाही.

पंगतीत ते माझ्या शेजारी येऊन बसले. मला उठून जावंसं वाटत होतं. त्यांनी आपल्या पानातली जिलबी माझ्या पानात ठेवली, त्यांना साखर चालत नसे. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सतराचा पाढा अवघड. तिलाही यायचा न्हाई. सतरा ती माझ्याकडंच द्यायची. मी तुम्हाला ते सांगायलाच इसरलो. चूक माझी."

मी काही बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि वाढपी भात घेऊन आला. मी भात घेतला.

त्यानंतर महिनाभर फोन आला नाही. मग आला. आवाज थकलेला, पण स्वच्छ. "पुढचा तीन लावलाय, इतिहासवाले. तीनशे तेहतीस कोटींच्या घरात गेली. लहान संख्या तुमच्याकडं, आधीसारख्या."

फोन ठेवून मी रडलो. आणि त्याच दिवशी पाटी आणली. शिरूरच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानदाराला ती माळ्यावरून काढावी लागली.

मी भागायला लागलो. दोनपासून. दारावर कुणी आलं की बायकोला सांगायचो, मी घरात नाही. सत्तेचाळीसपर्यंत झालं, एकही गेला नाही, तसं त्यांना कळवलं. त्यांनी काही न विचारता मानलं. माझा वाटा तिथं संपत होता. पण मी थांबलो नाही. त्रेपन्न घेतला, एकोणसाठ घेतला. ते दौंडला भागत होते, मी शिरूरला, दोघंही त्याच रस्त्यानं, आणि त्यांना ते माहीत नव्हतं. तेवढ्या महिन्यांत मला त्यांची जितकी सोबत झाली तितकी शाळेत एका बाकावर बसूनही झाली नव्हती. संख्येला भाग जात नाही तेव्हा खाली उरलेली बाकी बघताना एक बारीक दिलासा मिळतो, तो मला तेव्हा कळला. सर त्यासाठीच बसत असतील, आणि तो दिलासा ते दोघं मिळून वाटून घेत असतील.

सहाशे त्र्याहत्तरनं भाग गेला. बाकी शून्य. ह्या खेपेला मी तीनदा भागलं, तिन्ही वेळा पाटी पुसून.

दुसऱ्या दिवशी पाटी पिशवीत घालून मी दौंडची एसटी पकडली. न्हावरा गेलं, भीमेचा पूल गेला. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. सांगायचं वाक्य मी रस्ताभर मनात घोळवत होतो. आधी सतराचं, मग सहाशे त्र्याहत्तरचं, हाही क्रम ठरवला होता.

दार मुलीनं उघडलं. सर पडले होते, महिन्याभरापासून अंथरुणावरच होते. मला कुणी कळवलं नव्हतं, कळवू नका असं त्यांनीच सांगितलं होतं. ते झोपले होते म्हणून मी स्वयंपाकघरात बसलो. तिनं चहा टाकला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, भाभींना सतराचा पाढा यायचा नाही म्हणे.

ती हसली. "कुणी सांगितलं काका? अम्मीला तीसपर्यंत पाढे पाठ होते. मला तिनंच शिकवले. अब्बा अडकले की तिला विचारायचे."

चहाचा कप मी हातात धरून बसलो. पंगतीतलं ते बोलणं त्यांनी माझ्यासाठी बनवलं होतं. मी बघितलंच नव्हतं हे त्यांना तिथंच, स्टेजवर, एक्कावन्न उरले तेव्हाच कळलं होतं. आणि तरी त्यांनी मला पुन्हा लहान संख्या दिल्या होत्या.

ते जागे झाल्यावर मी आत गेलो. ठरवलेला क्रम माझ्या तोंडातून उलटा निघाला. "सर, सहाशे त्र्याहत्तरनं जातोय."

त्यांनी उशीवरून मान उचलली. "ताळा?"

मी पाटीवर ताळा मांडला. एकोणपन्नास लाख बावन्न हजार नऊशे सत्तेचाळीस गुणिले सहाशे त्र्याहत्तर. त्यांनी प्रत्येक ओळीखाली बोट फिरवलं. एकही आकडा गाळला नाही. शेवटच्या बेरजेत सगळे तीन ओळीनं उभे राहिले आणि टोकाला एक.

"बरोबर," ते म्हणाले. मग माझा हात धरला. "मी पाचशेच्या पुढं व्हतो. पाटी धरवत न्हाई आता. तुम्ही सोडवलंत मला, इतिहासवाले. न्हाईतर जीव त्यात अडकला असता."

आता, असं मी मनाशी म्हटलं. वाक्य जिभेवर आलं होतं. सरांचे डोळे इतके शांत होते की मला वाटलं, ह्या क्षणाला ते नको. मुलगी औषध घेऊन आली. तिनं त्यांना आधार देऊन बसवलं. त्यांनी मला पाटी पुसायला सांगितली, मी पुसली. निघताना म्हणालो, पुढच्या वेळी येईन तेव्हा निवांत बोलू.

पुढची वेळ आली ती त्यांच्या मातीची. दौंडच्या कबरस्तानात मी त्यांच्या जावयाच्या मागं रांगेत उभा राहिलो. सगळ्यांनी तीन तीन मुठी माती दिली, मीही दिली. माझे ओठ हलले असावेत. जावयानं विचारलं, "काका, काही म्हणालात का?"

मी म्हणालो, नाही.

म्हणायचं होतं ते एवढं: सर, तेरापर्यंत मी बघितलं होतं. सतरानं बघितलं नाही, आणि बघितलं असं तुम्हाला सांगितलं. पुढं शून्य दिसलं, तेव्हाही गप्प राहिलो. तुम्ही भाभींच्या जागी मला बसवलंत आणि मी तुमची ती सगळी वर्षं घालवली. लोक हसले तेव्हा मीही हसलो. मला माफ करा.